मोजणीबाहेरचे यवतमाळ

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर आणि तालुके सोळा. कित्येक दशके महसुली दफ्तरात या जिल्ह्याचा पाऊस म्हणजे तहसील कचेरीच्या आवारातल्या पर्जन्यमापकाने दाखवलेला आकडा. भागाकार केला तर एकेका मापकाच्या वाट्याला जवळपास ८४९ चौरस किलोमीटर मुलूख येतो. मैदानी प्रदेशात दर ५२० चौरस किलोमीटरला निदान एक मापक असावा आणि डोंगराळ भागात दर १३० चौरस किलोमीटरला, असे भारतीय मानक सांगते. पुसद-उमरखेडकडे अजिंठ्याच्या रांगांचे फाटे आहेत, वणीकडे वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्यातली सपाटी आहे. कचेरीवर दोन इंच पडला आणि वीस किलोमीटरवरचे शिवार कोरडे राहिले, हा इथल्या प्रत्येक शेतकऱ्याचा अनुभव. टंचाईच्या बैठकीत मात्र कचेरीवरचाच पाऊस खरा धरला जायचा.

गोष्ट बैठकीपुरती राहिली असती तर तिचा मागोवा घ्यायचे कारण नव्हते. पण प्रशासनाने आपल्या सोयीसाठी जी नोंद ठेवली, तीच पुढे विज्ञानाचा कच्चा माल झाली. हवामान खात्याचा १९०१ पासूनचा पर्जन्यसंच देशभरचे अभ्यासक वापरतात. त्याची चौकट पाव अंशाची, म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण ७२५ चौरस किलोमीटरची. अख्खा यवतमाळ जिल्हा अशा एकोणीसेक चौकटींत मावतो. ज्या चौकटीत त्या वर्षी मापकच नव्हते, तिथला आकडा शेजारच्या मापकांवरून गणिताने भरला जातो. गणित चोख असते. पण संगणकाच्या पडद्यावर मोजलेली चौकट आणि भरलेली चौकट एकाच रंगात दिसतात, आणि त्या रंगावर विसंबून कोणी हवामानबदलाचा प्रबंध लिहितो, कोणी धरणाच्या सांडव्याचा हिशेब करतो, कोणी विम्याचा हप्ता ठरवतो.

गेल्या पंचवीस वर्षांत यवतमाळवर जितके लिहिले गेले तितके महाराष्ट्रातल्या फार थोड्या जिल्ह्यांवर लिहिले गेले असेल. तरीही शेती, भूजल, विषशास्त्र, वन्यजीव, साथरोग अशी एकेक शाखा घेऊन मागे वळून पाहिले की एकच गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. इथल्या मोठ्या घटना मोजणीच्या जाळ्यात सापडल्या नाहीत. त्या जाळ्याबाहेर घडल्या आणि नंतर कुणाच्या तरी नजरेला पडल्या. जाळे विणताना त्याची वीण ठरली ती कचेरीच्या, अभयारण्याच्या, मदतवाटपाच्या हिशेबाने. संशोधकाने ते उसने घेतले आणि त्यात जे आले नाही ते नव्हतेच असे धरून चालला.

सगळ्यात आधी आत्महत्यांची नोंद. १९८६ साली महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने पवनारजवळ जीवन संपवले; त्या १९ मार्चच्या स्मरणार्थ आजही राज्यात अनेक जण उपवास धरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या वेगळ्या मोजायला सुरुवात केली ती १९९५ पासून. अमरावती विभागाच्या महसुली याद्या २००१ पासूनच्या. त्या आधीच्या काळाचा शोध घ्यायचा तर पोलिस ठाण्यातली जुनी मर्ग दप्तरे आणि गावकऱ्यांची आठवण एवढाच आधार.

पुढे २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने एक लाखाच्या मदतीचे निकष ठरले. तीस हजार रोख, सत्तर हजार ठेव. मयताच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नावे जमीन हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, ते थकलेले हवे. यात बसले ते प्रकरण ‘पात्र’, उरलेले ‘अपात्र’. मदत देताना काहीतरी निकष लागतातच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती या दोन शब्दांनी पुढच्या अभ्यासाला दिलेल्या वळणाची. बटईने किंवा मक्त्याने शेत करणारा, ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, तो अपात्र. नातेवाइकाकडून किंवा कृषी केंद्रातून उधारीवर बियाणे-खत उचललेला अपात्र. आणि शेतात नवऱ्याइतकीच राबणारी बाई, जिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, ती मेली तर ‘शेतकरी’ या रकान्यात तिला शिरायलाच वाट नाही. मग ‘शेतकरी आत्महत्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण कमी’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो माणसांपेक्षा सातबाऱ्याबद्दल जास्त सांगतो. २०१४ पासून राष्ट्रीय नोंदीत शेतकरी आणि शेतमजूर हे रकाने वेगळे झाले. सुधारणा चांगली, पण त्या वर्षापासून मागच्या मालिकेशी थेट तुलना करणे अवघड झाले.

या धुक्यात काही अभ्यासकांनी गावात जाऊन काम केले याची कृतज्ञ नोंद करायला हवी. टाटा समाजविज्ञान संस्थेचा अहवाल २००५ चा. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांचा २००६ चा. मिश्रांनी वर्धा, वाशिम आणि यवतमाळ जिल्ह्यांतली आत्महत्या झालेली कुटुंबे पाहिलीच, शिवाय त्याच भागातली, तशीच, पण आत्महत्या न झालेली कुटुंबेही पाहिली. ही दुसरी पाहणी फार मोलाची. कर्ज तर गावात घरोघरी असते. कर्जबाजारी घरांतून नेमके कोणते घर कोसळते हे कळायचे तर न कोसळलेली घरेही मोजावी लागतात. सरकारी यादीत ती नसतात, कारण त्यांच्याकडे पंचनामा होत नाही.

पाण्याची कथा आणखी आतली आहे. जिल्ह्याचा बराच भाग काळ्या बसाल्टचा, पण पूर्वेकडे वणी, झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या पट्ट्यात खडक बदलतात. कोळशाचे गोंडवन थर, पैनगंगा गटाचे चुनखडक आणि त्यांच्याही खालचे पुरातन स्फटिकी खडक. २००७ साली ‘करंट सायन्स’मध्ये पांढरकवडा परिसरातल्या भूजलातील फ्लोराइडवर निबंध प्रसिद्ध झाला. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यायचे. तिथल्या पाण्यात हा आकडा काही ठिकाणी तेराच्या वर गेला होता. पिवळे-तपकिरी डाग पडलेले दात आणि आखडलेले सांधे त्या गावांत निबंधाच्या कितीतरी आधीपासून होते. लोक त्याला पाण्याचा दोष म्हणतच होते.

तो इतका उशिरा कागदावर का आला? राज्याच्या भूजल यंत्रणेचे निरीक्षण अनेक वर्षे ३,९२० विहिरींवर उभे होते, वर्षातून चार वेळा पातळी मोजायची. राज्याच्या क्षेत्रफळाशी भागले तर दर ७८ चौरस किलोमीटरला एक विहीर. पातळीचा कल पाहायला हे जाळे वाईट नाही. पण त्या खोदलेल्या, उघड्या विहिरी. गावे मात्र विहिरी सोडून हातपंपांवर आणि बोअरवर आली होती, आणि खडकाच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेल्या खोल पाण्यात फ्लोराइड अधिक उतरते. भेगांचे पाणी लहरी असते. एका बोअरचे पाणी गोड आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्याचे घातक, असे होऊ शकते. गावाचा एक नमुना घेऊन ‘गाव सुरक्षित’ असा शेरा मारणे त्यामुळे धोक्याचे. पातळी मोजायला बसवलेले जाळे विष शोधायला पुरत नाही, हा धडा जलशास्त्राने पांढरकवड्यात शिकायला हवा होता.

मातीचेही तसेच. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात, इथून दोन-तीन तासांवर. देशाच्या मृदा नकाशासाठी १९८० च्या दशकात दहा किलोमीटरची जाळी धरली गेली. त्या हिशेबाने यवतमाळच्या वाट्याला साधारण १३६ ठिकाणे येतात. देशपातळीवर ते योग्यच होते. २०१५ मध्ये मृदा आरोग्यपत्रिका आली तेव्हा बागायती भागात अडीच हेक्टरला एक नमुना आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरला एक, असा नियम झाला. यवतमाळ बहुतांश कोरडवाहू. म्हणजे जिथे माती बरड, खोली वितीवितीवर बदलणारी आणि चुकीच्या खताचा फटका सर्वांत मोठा, तिथेच नमुना विरळ. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. इथे पाच एकरांच्या वावरातही एक कोपरा काळा भारी आणि दुसरा मुरमाड असतो.

आता पीक. कापसाच्या विम्यासाठी महसूल मंडळ हे एकक धरले जाते आणि प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या नियमांप्रमाणे मंडळात किमान दहा कापणी प्रयोग करायचे. दहा तुकड्यांवरून अनेक गावांचे उत्पन्न ठरते. सोयाबीन एकदाच कापले जाते, तिथे हे जमूही शकते. कपाशीला वेचे अनेक. पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या आसपास, शेवटचा संक्रांतीच्या पुढेही. प्रत्येक वेच्याला त्याच तुकड्यावर हजर राहून वजन करणारा माणूस लागतो, आणि तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांच्या डोक्यावर दुसरी पन्नास कामे असतात. उपग्रहाने हे काम हलके होईल असे वाटले होते. पण पीक वाढते तेच महिने ढगांचे, तेव्हा प्रकाशावर चालणारे उपग्रह आंधळे होतात. ढगापार पाहणारे रडार उपग्रह आहेत, पण कपाशीच्या ओळींत तुरीच्या ओळी पेरण्याची इथली रीत त्यांनाही गोंधळवते, कारण दहा मीटरच्या एका ठिपक्यात दोन्ही पिके एकत्र येतात. ही रीत शेतकऱ्याने जोखीम वाटून घेण्यासाठी घडवली आहे. यंत्राच्या सोयीसाठी ती मोडावी असे कोणी सुचवू नये.

पावसाच्या बाबतीत मात्र २०१७ च्या सुमारास खरा बदल झाला. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यभर मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्र उभे राहिले, दोन हजारांहून अधिक. म्हणजे दीडशे चौरस किलोमीटरला एक. कचेरीच्या मापकाशी तुलना केली तर ही मोठीच झेप, आणि ती घेतल्याबद्दल राज्याचे कौतुक करायला हवे. पण हवामानाचे ‘सरासरी’ म्हणून जे मान्य होते ते तीस वर्षांच्या नोंदीवर. नवी केंद्रे तीस वर्षांची व्हायला २०४७ उजाडेल. तोवर एकीकडे जुनी, लांब पण विरळ मालिका आणि दुसरीकडे नवी, दाट पण आखूड मालिका. दोन्ही सरळ जोडता येत नाहीत. आणि दीडशे चौरस किलोमीटरही वळवाच्या पावसाला मोठेच. एक गडगडाटी ढग पाच-दहा किलोमीटर पसरलेला असतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. केंद्रावर साठ पडला आणि ओढ्यापलीकडे शंभर, तर वाहून गेलेल्या पऱ्हाटीची दाद कुठे मागायची?

ज्या वर्षी ही केंद्रे उभी राहत होती, त्याच वर्षीच्या खरिपात जिल्ह्यात जे घडले त्यापुढे बाकी सगळे फिके आहे.

२०१७ च्या जुलैपासून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फवारणी करून आलेले शेतकरी आणि मजूर दाखल होऊ लागले. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, काहींना दिसेनासे होणे, श्वास कोंडणे. ऑगस्टमध्ये वाढले, सप्टेंबरमध्ये वॉर्ड भरून गेले. वर्तमानपत्रांचे आणि मुंबईचे लक्ष वेधले गेले तोवर ऑक्टोबर उजाडला होता. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो जण रुग्णालयात राहून परतले. मग विशेष तपास पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली, पत्रकार जयदीप हर्डीकर आणि इतरांनी गावोगाव फिरून सविस्तर लिहिले. त्या हंगामात कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, फवारा छातीच्या आणि तोंडाच्या उंचीवर उडत होता, हवा दमट आणि कुंद होती, बोंडअळी आणि रसशोषक किडी दोन्ही जोरात होत्या, आणि एका पंपात दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. हे सगळे आपल्याला कळले ते माणसे मेल्यावर.

तीन महिने हे का दिसले नाही? विषबाधेची वेगळी, रोजची, एकत्र येणारी नोंद नव्हती म्हणून. प्राथमिक आरोग्य केंद्रात एखादा येऊन सलाइन लावून गेला तर त्याची ओळ उलटी-जुलाबाच्या खात्यात. खासगी दवाखान्यात गेला तर कुठेच नाही. मोठ्या रुग्णालयात आला तर पोलिसांकडे कागद जातो, पण तिथे पहिला प्रश्न हा की विष प्यायला की फवारताना अंगात गेले. या एका उत्तरावर प्रकरण आत्महत्येत जाते किंवा अपघातात. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या २६ व्या कलमाखाली विषबाधेची प्रकरणे कळवण्याचे बंधन राज्य सरकार घालू शकते. अधिकार कायद्याने दिलेला होता. तो वापरून आठवड्याची यादी जिल्ह्याला मिळत असती, तर ऑगस्टच्या मध्यालाच वक्र वर जाताना दिसला असता असे माझे ठाम मत आहे.

डॉक्टरांपुढची अडचण याहून कठीण. सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या विषाने रक्तातल्या कोलिनेस्टरेझ या विकराचे काम मंदावते. ते मोजले तर विषाचा गट कळतो आणि ॲट्रोपिनचा उपचार ठामपणे करता येतो. त्या हंगामात ही तपासणी तिथे होऊ शकत नव्हती. डायफेंथियुरॉनसारख्या काही औषधांवर तर खास उतारा नाहीच. शिवाय प्रयोगशाळेतले विषशास्त्र एकेका रसायनाचे, ठराविक मिश्रणाचे असते, नोंदणीही त्यावरच होते. दमट दुपारी, उघड्या पाठीवर, तीन बाटल्यांचे मिश्रण सहा तास अंगावर घेतल्यावर काय होते याचा अभ्यास कुठल्या परवान्यासाठी लागत नाही, म्हणून तो कुठे झालेलाही नसतो. फवारणाऱ्याच्या पंपात जे असते त्यापर्यंत हे शास्त्र पोहोचलेच नव्हते.

याचा परिणाम न्यायाच्या दारातही दिसला. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ कुटुंबांच्या वतीने एका स्विस कीटकनाशक कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमधल्या ओईसीडी संपर्ककेंद्राकडे तक्रार गेली, बाझलच्या न्यायालयात दिवाणी दावाही झाला. एका विशिष्ट उत्पादनाचे नाव ९६ प्रकरणांत आढळते, असे तक्रारीमागच्या संस्थांनी दाखवले, आणि त्याचा आधार होता यवतमाळच्या पोलिसांची कागदपत्रे. रक्ताचे अहवाल नव्हते, आरोग्य खात्याची उत्पादनवार यादी नव्हती. दवाखान्याच्या खाटेवरून शेतकऱ्याने पोलिसाला सांगितलेले बाटलीचे नाव, एवढाच विज्ञानाच्या हाती लागलेला पुरावा. तो जपून ठेवणाऱ्या ठाण्यातल्या लेखनिकाने नकळत विषशास्त्राचे काम केले.

विषबाधेच्या दुसऱ्याच वर्षी जिल्हा वाघिणीमुळे गाजला. राळेगाव-पांढरकवड्याच्या जंगलात सुमारे दोन वर्षांत तेरा मृत्यू टी-१ ऊर्फ अवनीच्या नावे लागले आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. बाजू घेऊन खूप लिहिले गेले आहे, ते इथे उकरत नाही. तिचे जंगल अभयारण्याबाहेरचे होते, गावे, वावरे आणि झुडपी रानाच्या मधले, एवढे मात्र सांगायला हवे. त्याच २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले, साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रे मिळाली. जगातली सर्वांत मोठी कॅमेरा-पाहणी म्हणून तिची नोंद झाली. पण इतके कॅमेरेही जिथे वाघ असावा असे आपण मानतो तिथेच लागतात. अवनीच्या रानात कॅमेऱ्यांची दाट फळी उभी राहिली ती माणसे मेल्यावर, तिला पकडण्यासाठी. त्या आधीच्या वर्षांत ती काय खात होती, रानात हरणे-रानडुकरे किती उरली होती, याची सलग नोंद असती तर वादाला पाया मिळाला असता.

टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. तिथल्या एका तरुण नराला भारतीय वन्यजीव संस्थेच्या पथकाने २०१९ च्या सुरुवातीला पट्टा बसवला. तो निघाला, तेलंगणात शिरला, पैनगंगेच्या काठाने, शेतांतून, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तीन हजार किलोमीटरांहून अधिक चालला आणि बहुतेक गावांना तो गेल्याचे कळलेही नाही. पट्टा नसता तर तो मधल्या मुलखात कुठेच नसता. टिपेश्वरचाच आणखी एक वाघ २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंगच्या कॅमेऱ्यात आला. अंगावरचे पट्टे टिपेश्वरच्या जुन्या छायाचित्राशी जुळले म्हणून ओळखता आला. मला या दोन वाघांनी फार शिकवले. आपल्या नकाशावर अभयारण्ये हिरवी आणि मधली जागा पांढरी असते. वाघाला ती पांढरी जागा चालायला पुरते, अभ्यासकाला ती अभ्यासायला का पुरू नये?

२०२१ ने दोन लहान पण बोलकी उदाहरणे दिली. फेब्रुवारीत अमरावती आणि यवतमाळमध्ये कोरोना अचानक उसळला, तेव्हा पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जनुकीय क्रमनिर्धारण झाले ते विदर्भातल्या मोजक्या नमुन्यांचे. यवतमाळच्या नमुन्यात एक उत्परिवर्तन सापडले, अमरावतीच्या नमुन्यांत दुसरे. पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी पाच टक्क्यांचा क्रम लावायचे देशाचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात त्याच्या आसपासही पोहोचता आले नव्हते. पुढे डेल्टा म्हणून जगाला ठाऊक झालेल्या विषाणूच्या सुरुवातीच्या खुणा विदर्भात होत्या. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये झरी तालुक्यातल्या शिबला-पार्डीजवळ रस्त्याच्या कामात बसाल्टचे षटकोनी स्तंभ उघडे पडले. चंद्रपूरचे सुरेश चोपणे यांनी त्यांचे महत्त्व ओळखले. लाव्हा सावकाश थिजताना असे खांब होतात. जेसीबी पोहोचण्याआधी तिथे भूशास्त्र पोहोचले नव्हते, आणि ओळखणारा माणूस वेळेवर गेला नसता तर ती खडी झाली असती.

जुलै २०२३ च्या पुरात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. या भागावर नजर ठेवणारे डॉप्लर रडार नागपूरला. उमरखेड तिथून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटर. रडारची किरणशलाका अर्ध्या अंशाच्या कोनात सोडली तरी पृथ्वीच्या वक्रतेमुळे इतक्या अंतरावर ती जमिनीपासून जवळपास पाच किलोमीटर उंच जाते. म्हणजे ढगाचा माथा दिसतो. त्याच्या पोटात आणि खाली काय चालले आहे ते दिसत नाही. नागपूर शहराच्या पावसाचा इशारा आणि पैनगंगाकाठच्या तांड्याच्या पावसाचा इशारा सारख्याच भरवशाचा का नसतो, याचे कारण या भूमितीत आहे. दक्षिण यवतमाळ, हिंगोली, नांदेडचा पट्टा जवळून पाहणारे रडार ही चैन म्हणता येणार नाही.

सगळ्यात विरळ नोंद आहे ती माणसांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका जिल्ह्यातून सरासरी नऊशेच्या आसपास घरे निवडली जातात. सत्तावीस लाख बहात्तर हजारांच्या जिल्ह्यासाठी, एका सरासरीपुरते, ते पुरेसे. पण कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक, आणि त्याचे पोड गावापासून दूर, डोंगरउतारावर. नऊशे घरांत पोडावरची किती येणार? जी येतील त्यांवरून कोलाम बाळाच्या वजनाबद्दल काही म्हणणे शास्त्राला धरून होत नाही, म्हणून म्हटले जात नाही, आणि ‘जिल्ह्याची सरासरी सुधारली’ या वाक्यात पोड विरघळून जाते. कोलामी भाषेचे पहिले सविस्तर व्याकरण मरे एमेनो यांनी १९५५ मध्ये छापले, तेही वर्धा जिल्ह्यातल्या १९३० च्या दशकातल्या क्षेत्रकामावर. पुसद, दारव्हा, दिग्रसच्या तांड्यांवरची बंजारा बोली तर जनगणनेत लमाणी-लंबाडी म्हणून हिंदीच्या पोटात मोजली जाते. २०११ मध्ये देशात तिचे बोलणारे बत्तीस लाखांवर होते. आज मोबाइलवर आवाजाने चालणारे पीकसल्ले आणि आरोग्यसल्ले तयार होत आहेत. ज्या भाषांचे ध्वनिमुद्रण आणि लेखन हाताशी आहे, त्यांतच ते तयार होणार.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून या लेखातली लोकसंख्याही २०११ चीच. पुढची गणना २०२७ मध्ये, मोबाइल ॲपवर. झरी-जामणीच्या पोडांपर्यंत आणि महागावच्या तांड्यांपर्यंत प्रगणक जाणार आहेतच, कायद्याने जावेच लागते. मातृभाषेचा रकाना भरताना घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिच्याच बोलीत विचारणारा, आणि ती सांगेल ते नाव जसेच्या तसे लिहिणारा प्रगणक त्याच पोडावरचा, त्याच तांड्यावरचा निवडता येईल. दहावी-बारावी झालेली पोरे-पोरी आता तिथे आहेत. नेमणुकांच्या याद्या तहसील कचेरीतच तयार होतात. ही नावे त्यांत घालायला अजून वेळ आहे.